अडीच लाखांत चौघांचं बिऱ्हाड मुंबईहून बंगळुरूला: पैसा कुठे जातो, कुठे वाचतो

भांडुपच्या एका ताईंनी विचारलंय. नवऱ्याला बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत एका मशीन शॉपमध्ये नोकरी मिळाली आहे. हातात येणारा पगार ३८ हजारांवरून ५२ हजारांवर जाईल. मुलगी आठ वर्षांची, मराठी शाळेत दुसरीत. मुलगा तीन वर्षांचा. घर भाड्याचं, घरमालकाकडे ५० हजार डिपॉझिट, आणि गाठीला अडीच लाख. त्या स्वतः घरी ब्लाउज शिवून महिन्याला सहा-सात हजार मिळवतात. चौघांनी एकदम जावं का, सामान न्यावं की विकावं, आणि एवढ्या पैशांत हे जमेल का, असे तीन प्रश्न आहेत.

ताई, जमेल. मी २३ वर्षं घरसामान हलवण्याच्या धंद्यात आहे. आधी कळंबोलीच्या एका गोदामात सुपरवायझर होतो, गेली १२ वर्षं स्वतःचं काम करतो. माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस पहिला प्रश्न ट्रकच्या भाड्याचा विचारतो. तुमच्यासारख्या घराला ट्रकचं भाडं हा एकूण खर्चाचा जेमतेम आठवा हिस्सा असतो. बाकीचे पैसे तिथे पोचल्यावर पहिल्या तीन महिन्यांत जातात आणि त्यातले बरेचसे चुकीच्या क्रमामुळे जातात. म्हणजे घर आधी घेतलं आणि शाळा नंतर शोधली, माणसं आधी गेली आणि पाण्याची चौकशी नंतर केली, असं होतं. म्हणून आधी क्रमाबद्दल बोलतो.

त्याही आधी पगाराचं गणित. वाढ १४ हजारांची दिसते, पण तुमची शिलाई निदान सहा महिने बंद पडणार. म्हणजे घरात येणारी खरी वाढ सात-आठ हजार. मुलीची मराठी शाळा आज जवळपास फुकट असेल, तिथे फी भरावी लागेल. तरीही जाऊ नका असं मी म्हणणार नाही. टूल रूम आणि मशीन शॉपचं काम करणाऱ्या माणसाला पीण्यात पुढची नोकरी मिळायची शक्यता आज भांडुप-मुलुंडच्या पट्ट्यापेक्षा नक्कीच जास्त आहे. पण मिस्टरांनी होकार कळवायच्या आधी कंपनीकडे दोन गोष्टी मागाव्यात: सामान हलवण्याचा खर्च, आणि घराच्या डिपॉझिटसाठी बिनव्याजी उचल, जी पगारातून दहा-बारा हप्त्यांत कापली जाईल. लहान कंपन्या खर्च देत नाहीत, पण उचल बऱ्याचदा देतात. रुजू झाल्यावर मागितलं तर ऐकून घेतात आणि विसरतात. मागायची वेळ आत्ता आहे.

आता अडीच लाख कसे जातील ते. चौदा हजार भाड्याचं घर धरा. डिपॉझिट पाच महिन्यांचं म्हणजे ७० हजार, पहिलं भाडं १४, दलाली लागली तर आणखी १४. मुलीची शाळा ४५ हजारांच्या आसपास. सामान २५. मिस्टरांची आधीची राहण्याची सोय आणि एक-दोन फेऱ्या १८. तुमचा प्रवास ५. घर लावायला, म्हणजे गॅस, पडदे, पाण्याचा फिल्टर, बल्ब, बादल्या, १५. बेरीज २ लाख ६ हजार. उरले ४४. हे ४४ हजार एका महिन्याचा घरखर्च आणि, वेळ आलीच तर, चौघांचं परतीचं भाडं म्हणून ठेवायचे. भांडुपचे ५० हजार या हिशोबात धरू नका. ते किल्ली दिल्यावर मिळतील, आणि तिथलं डिपॉझिट त्याच्या महिनाभर आधी द्यावं लागेल. लोक नेमके इथे अडकतात.

याच हिशोबात डिपॉझिट दहा महिन्यांचं झालं की बेरीज पावणेतीन लाखांच्या वर जाते. बंगळुरूत दहा महिन्यांचं डिपॉझिट ही जुनी रीत आहे आणि आजही काही मालक तेवढं मागतात. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडे कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचवली आहे, पण तो कायदा राज्याने स्वीकारल्यावरच लागू होतो, त्यामुळे घरमालकाला तो वाचून दाखवून उपयोग नाही. उपयोग होतो तो कुटुंब दाखवण्याचा. कंपनीचं पत्र, दोन लहान मुलं, भांडुपच्या मालकाकडून 'भाडं वेळेवर दिलं' अशी दोन ओळींची चिठ्ठी. अशी चिठ्ठी घेऊन गेलेल्या माझ्या चार-पाच गिऱ्हाइकांना दहाचे सहा आणि सहाचे पाच महिने करून मिळाले आहेत. भाडं पाचशेने कमी करण्यासाठी घासाघीस करू नका, सगळा जोर डिपॉझिटवर लावा.

चौघांनी एकदम जाऊ नका. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. २००९ मध्ये आमच्या तेव्हाच्या कंपनीने मला हैदराबादची शाखा बघायला पाठवलं. बायको आणि अडीच वर्षांचा मुलगा बरोबर. घर एका ओळखीच्याने बघितलेलं, मी फोनवरच हो म्हटलं. तिसरा मजला, हवेशीर, भाडं आटोक्यात. गेल्यावर कळलं की पाणी पहाटे पाचला येतं, चाळीस मिनिटं, आणि खालच्या दोन मजल्यांच्या मोटारी सुरू झाल्या की तिसऱ्यावर थेंब येत नाही. बायको मुलाला कडेवर घेऊन खालून बादल्या आणायची. चार महिन्यांत घर बदललं. दलाली दोनदा, हमाली दोनदा, पहिल्या मालकाने रंगाचे म्हणून कापलेले पैसे वेगळे. घरसामान हलवणं हा माझा रोजचा धंदा होता आणि तरी माझ्याच घराबाबत मी नळ उघडून बघितला नव्हता.

म्हणून मिस्टरांनी आधी एकट्याने जावं. पीण्याच्या आसपास दासरहळ्ळी, जालहळ्ळी भागात जेवणासकट पीजी, म्हणजे महिन्याच्या भाड्याने राहायच्या खोल्या, मिळतात. सहा आठवडे काढायचे. याला दहा-बारा हजार जादा लागतील, आणि ते या सगळ्या प्रकरणातले सगळ्यात सत्कारणी लागलेले पैसे असतील. तोवर तुम्ही आणि मुलं भांडुपलाच, मुलीचं वर्ष पूर्ण होईपर्यंत.

या सहा आठवड्यांत त्यांनी रविवारी पायी फिरायचं. बंगळुरूत फाटकाला 'टू-लेट'ची पाटी लटकवायची पद्धत आहे, खाली मालकाचा नंबर असतो. गल्ल्यांमधून दोन रविवार फिरलं की दलालीचे १४ हजार वाचू शकतात. घर मेट्रोच्या ग्रीन लाइनजवळ बघा. पीण्या, जालहळ्ळी, दासरहळ्ळी, नागसंद्र ही स्टेशनं एका ओळीत आहेत. कामावर जायला आज नसली तरी मेट्रो पुढे तुम्हाला कापड आणायला, मुलांना दवाखान्यात न्यायला लागेल.

पाटीवर 'लीज' लिहिलं असेल तर तो आपल्याकडचा अर्थ नाही. तिथे लीज म्हणजे मालकाला पाच-दहा लाख एकरकमी द्यायचे, महिन्याचं भाडं नाही, आणि घर सोडताना रक्कम परत घ्यायची. ऐकायला छान वाटतं. पण मालकाने ती रक्कम वापरून टाकली असेल तर परत मिळवताना नाकी नऊ येतात. कर्ज काढून तर या वाटेला अजिबात जाऊ नका.

घरमालकाला विचारायचा पहिला प्रश्न: कावेरीचं, म्हणजे सरकारी नळाचं, पाणी येतं की बोअरचं? कावेरीचं असेल तर किती दिवसांनी, आणि खाली संप किती मोठा? संप म्हणजे जमिनीखालची टाकी. २०२४ च्या मार्चमध्ये बंगळुरूत बोअर आटले आणि टँकरवर रांगा लागल्या, ते बातम्यांत तुम्ही पाहिलं असेल. फक्त बोअरवर असलेलं घर दोन हजारांनी स्वस्त मिळालं तरी लहान मुलं असताना घेऊ नका. टँकरची वर्गणी दोन महिन्यांत तो फरक खाऊन टाकते. उत्तरावर विश्वास ठेवण्याआधी संध्याकाळी सातला जाऊन न्हाणीघरातला नळ उघडा आणि शेजारच्या बाईंना विचारा. शेजारीण खरं सांगते.

करार साधारण ११ महिन्यांचा होतो. सही करताना एक ओळ बोटाने दाखवून वाचून घ्या: घर सोडताना रंगरंगोटीसाठी डिपॉझिटमधून किती कापणार. तिथे एक महिन्याचं भाडं कापायची पद्धत आहे. ते चालेल, पण 'एक महिना' हे शब्द कागदावर हवेत. नुसतं 'रंग व साफसफाई मालकाच्या मर्जीनुसार' असं लिहिलेलं ठेवू नका. आणि आत शिरायच्या दिवशी प्रत्येक भिंतीचा, नळाचा, खिडकीच्या काचेचा फोटो काढून मालकालाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. तारीख आपोआप नोंदली जाते.

विजेबद्दल एक गोष्ट बाहेरून गेलेल्या लोकांना उशिरा कळते. कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजना आहे, ठरावीक मर्यादेत वीज फुकट, आणि ती भाडेकरूलाही मिळते. पण आधीच्या भाडेकरूचा आधार त्या मीटरला जोडलेला असेल तर तो आधी काढावा लागतो. घर ठरवतानाच मालकाला सांगा की जुनी जोडणी काढून द्या. नंतर जुना भाडेकरू फोन उचलत नाही.

आता शाळा. तुमच्या प्रश्नात शाळेबद्दल एकच ओळ होती, पण मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच आहे.

पहिली गोष्ट तारखांची. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्याला उघडते, कर्नाटकात राज्य मंडळाच्या शाळा मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीलाच भरतात. मुंबईच्या हिशोबाने निवांत राहिलात तर मुलगी नव्या गावात, नव्या भाषेत, वर्ग सुरू झाल्यावर दोन आठवड्यांनी जाऊन बसेल. तिच्यासाठी पहिला दिवस सगळ्यांबरोबर सुरू होणं फार मोलाचं आहे. म्हणून मेच्या तिसऱ्या आठवड्यात तुम्ही बंगळुरूत असायला हवं. पावसाच्या आधी सामान निघतं हा त्यातलाच फायदा. भिजलेल्या खोक्याचा तळ जिन्यातच निघतो.

दुसरी गोष्ट दाखल्याची. निकाल लागला की त्याच आठवड्यात शाळा सोडल्याचा दाखला घ्या, मेमध्ये शाळेचं ऑफिस कधी उघडं असतं कधी नसतं. दाखला मराठीत मिळेल. मुख्याध्यापकांना विनंती करून इंग्रजी प्रत सही-शिक्क्यासह घ्या. राज्याबाहेर जाताना दाखल्यावर शिक्षण विभागाच्या अधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागतात, ती इथूनच करून न्या. तिथून परत यायचं म्हणजे चोवीस तासांचा प्रवास आहे. मुलीचा पेन नंबर, म्हणजे यूडायस या शाळांच्या सरकारी नोंदणीतला तिचा कायमचा शिक्षण क्रमांक, शाळेकडून लिहून घ्या. त्यावरून पुढची शाळा तिची नोंद ओढून घेते. सरकारी किंवा अनुदानित शाळेत घालणार असाल तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे लक्षात ठेवा.

तिसरी गोष्ट भाषेची. बंगळुरूत मराठी माध्यम मिळणार नाही असंच धरून चला. मुलगी तिसरीत इंग्रजी माध्यमात जाईल आणि शिवाय कन्नड शिकेल, कारण कर्नाटकात २०१५ च्या कायद्याने शाळांत कन्नड सक्तीचं आहे, जसं आपल्याकडे २०२० च्या कायद्याने मराठी. आईबापांना या गोष्टीची धडकी भरते. मी पाठवलेल्या घरांमधली सात-आठ वर्षांची मुलं दिवाळीपर्यंत कन्नडमध्ये भांडायला लागली होती. त्रास होतो तो आठवी-नववीतल्या मुलांना. तुमच्या मुलीचं वय या बाबतीत अगदी योग्य आहे. तिला अडचण येईल ती गणिताच्या इंग्रजी शब्दांची. बेरीज तिला येते, 'अ‍ॅडिशन' म्हटल्यावर ती गोंधळेल. आत्ता हातात असलेल्या दोन महिन्यांत रोज पंधरा मिनिटं हेच शब्द करून घ्या. मराठी वाचन मात्र सोडू नका. इथली तिसरीची बालभारतीची पुस्तकं बरोबर न्या.

माझ्या गिऱ्हाइकांनी अलीकडे भरलेल्या फीवरून सांगतो, राज्य मंडळाच्या साध्या इंग्रजी शाळेत वर्षाला ३५ ते ६० हजार लागतात. मोठ्या इमारतीच्या आणि चकचकीत माहितीपत्रकाच्या शाळेच्या मागे लागू नका. घरापासून पायी पंधरा मिनिटांच्या आत असलेली शाळा निवडा, बसचे पैसे वाचतात आणि पहिल्या महिन्यात तुम्ही फाटकाशी उभ्या राहू शकता. फी दोन-तीन हप्त्यांत घेतात का हे विचाराच, बहुतेक शाळा घेतात. धाकट्याला पहिलं वर्ष अंगणवाडी पुरे. फक्त वयाचं गणित लक्षात ठेवा: पहिलीसाठी महाराष्ट्रात ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात, कर्नाटकात १ जूनला. त्याचा वाढदिवस जून ते डिसेंबरमध्ये असेल तर तिथे तो एक वर्ष मागे धरला जाऊ शकतो. त्यात काही बिघडत नाही, पण आधीच माहीत असलेलं बरं.

लांबचा एक विचार, घाईचा नाही. जातीच्या दाखल्यावरच्या राज्य सरकारच्या सवलती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात नाहीत. आणि महाराष्ट्रात वैद्यकीयच्या राज्य कोट्यासाठी सर्वसाधारण उमेदवाराची दहावी-बारावी महाराष्ट्रातूनच लागते. मुलगी सातवीत गेली की एकदा बसून परत यायचं की तिथेच राहायचं हे ठरवा.

आता सामान. न्यायचं की नाही हे वस्तूच्या मूळ किमतीवर ठरत नाही, ती ट्रकमध्ये किती जागा खाते आणि तिथे जुनी केवढ्याला मिळते यावर ठरतं. प्लायवूडचा पलंग नेऊ नका. एकदा खोलला की त्याचे स्क्रू पुन्हा धरत नाहीत, हे मी शेकडो पलंगांचं पाहिलं आहे. सोफा, कूलर, डायनिंग टेबल विका. बंगळुरू समुद्रसपाटीपासून ९०० मीटरवर आहे, कूलरची गरजच नाही. लोखंडी कपाट जड असलं तरी न्या, त्याला काही होत नाही आणि तिथे नवं घ्यायला महाग पडतं. गोधड्या सगळ्या न्या, रात्री लागतील. भांडी, कुकर, मिक्सर, वॉशिंग मशीन न्या. फ्रिज आठ-दहा वर्षांचा असेल तर इथेच काढा. न्यायचा असेल तर आदल्या दिवशी बंद करून आतून पुसून कोरडा करा, उभाच न्यायला सांगा, आणि पोचल्यावर काही तास तसाच ठेवून मग सुरू करा. शेगडीचं एक लक्षात ठेवा. भांडुपला पाइपचा गॅस असेल तर शेगडीचे नोझल त्या गॅसचे आहेत. सिलिंडरवर लावायच्या आधी ते बदलून घ्या, थोडक्यात काम होतं. न बदलता लावलीत तर ज्योत भडकते.

वन बीएचकेच्या एवढ्या सामानाला पार्ट लोडमध्ये साधारण २० ते ३० हजार लागतात. पार्ट लोड म्हणजे एका गाडीत तीन-चार घरांचं सामान. अख्खी गाडी केली तर दोन-तीन दिवसांत पोचते पण खर्च जवळजवळ दुप्पट होतो. पार्ट लोडला आठ-दहा दिवस धरा. तुमच्या बजेटला पार्ट लोडच बरोबर. पण एक प्रश्न विचारा: माल किती वेळा उतरणार? भांडुपहून छोट्या टेम्पोत, गोदामात उतरला, मोठ्या गाडीत चढला, बंगळुरूच्या गोदामात उतरला, पुन्हा टेम्पोत. वस्तू फुटतात त्या या चढ-उतारीत, रस्त्यावर नाही. मी गोदामात उभा राहून हे रोज बघितलं आहे. म्हणून काचेचं सामान आणि टीव्ही यांच्या पॅकिंगवर पाचशे-हजार जास्त गेले तर जाऊ द्या. कपड्यांना खोकी लागत नाहीत, धुतलेल्या साड्या आणि चादरी भांड्यांच्या मधे भरा.

भाव मागताना माणसाला घरी बोलवून सामान दाखवा. फोनवर भाव देणारा पोचल्यावर भाव वाढवतो. काही टोळ्या नावाजलेल्या कंपनीशी मिळतंजुळतं नाव लावतात, थोडा आगाऊ घेतात आणि बंगळुरूत गाडी उभी करून 'आणखी १५ हजार दिल्याशिवाय उतरवणार नाही' म्हणतात. ऑफिस स्वतः जाऊन बघा, जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर तपासा. आगाऊ दहा-वीस टक्के, थोडे माल चढल्यावर, आणि बरीचशी रक्कम उतरवून मोजून घेतल्यावर. बिल्टी, म्हणजे माल घेतल्याची वाहतूकदाराची पावती, हातात घेतल्याशिवाय गाडी सोडू नका, आणि तिच्यावर वस्तूंची संख्या व किंमत लिहिलेली हवी.

विम्याच्या नावाखाली दोन-तीन टक्के लावतात. त्यांना विचारा, कोणत्या विमा कंपनीची पॉलिसी, तिचा कागद द्या. बऱ्याचदा ती पॉलिसी नसतेच, नुसती बिलातली ओळ असते. खरा कागद देत असतील तर पैसे भरा. नाहीतर ती ओळ काढायला लावा. सामान यादीत लिहिताना प्रत्येक वस्तूपुढे 'जुनी, ओरखडे' असं सरसकट लिहायची सवय असते, म्हणजे पुढे तक्रार राहत नाही. चांगल्या वस्तूपुढे 'चांगली' लिहून घ्या. आणि काही फुटलं-हरवलं तर नुसते फोन करत बसू नका. रस्ते मालवाहतूक कायद्यात बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. वापरलेल्या घरसामानाला ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा जीएसटीचा कागद, लागत नाही, त्याच्या नावाने कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

कागदपत्रं ट्रकमध्ये घालू नका. मुलुंडच्या एका घराची फाइल कपाटाच्या लॉकरमध्ये राहिली, कपाट गाडीत, गाडी घाटात बंद पडली. शाळेची तारीख गेली आणि मुलाला दुसऱ्या, महागड्या शाळेत घालावं लागलं. दाखले, जन्माचे दाखले, लसीकरणाचं कार्ड, करार, बँकेची पुस्तकं, सोनं आणि देव्हाऱ्यातले देव, हे सगळं एका पिशवीत आणि पिशवी तुमच्या खांद्यावर. धाकट्याच्या लसी कार्ड दाखवून तिथल्या सरकारी आरोग्य केंद्रातही फुकट मिळतात.

सामान गेलं की तुम्ही मुलांना घेऊन माहेरी जा. ट्रक पोचल्याचा मिस्टरांचा फोन आला की निघा. सकाळी सीएसएमटीहून उद्यान एक्सप्रेस सुटते, दुसऱ्या दिवशी सकाळी बंगळुरू. बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, मेमध्ये जागा लवकर भरतात, त्यामुळे दोन-तीन वेगवेगळ्या तारखांची तिकिटं काढून ठेवा आणि नको ती वेळेत रद्द करा. रद्द करण्याचे थोडे पैसे जातील, पण तत्काळच्या भरवशावर लहान मुलांना घेऊन राहू नका. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळी बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. मुलीला बर्थ हवी म्हणजे पूर्ण तिकीट. स्लीपर आणि थ्री टियरमध्ये मोठ्या माणसाला ४० किलो सामान मोफत नेता येतं. मिस्टर आधी जाताना हे ४० किलो पूर्ण वापरा: एक कुकर, तवा, चार ताटं, दोन चादरी. तेवढ्यावर पहिले दिवस निघतात.

मुलांची एक पिशवी गाडीतून तुमच्याबरोबरच न्या. हैदराबादला पोचलो त्या रात्री आमच्या मुलाने अंघोळीला नकार दिला. त्याचा लाल प्लास्टिकचा मग ट्रकमध्ये होता आणि ट्रक सहाव्या दिवशी आला. बायकोने बाजारातून तसाच लाल मग आणला. त्याने हातात घेऊन उलटसुलट फिरवून बघितला आणि म्हणाला, 'हा आपला नाही.' तेव्हापासून मी प्रत्येक घराला सांगतो: मुलाचा मग, त्याची ताटली, आणि त्याची रोजची चादर न धुता. नव्या घरात वास तरी ओळखीचा राहतो.

पोचल्यावरच्या आठवड्यात गॅस लागेल. पूर्ण जोडणीला पत्त्याचा पुरावा आणि थोडे दिवस लागतात, तोवर इंडेनचा पाच किलोचा 'छोटू' सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो. भाडेकरार हातात आला की पहिलं काम तुमच्या आधारचा पत्ता बदलणं. याला कारण आहे. कर्नाटकात २०२३ पासून शक्ती योजनेत राज्यात राहणाऱ्या बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत आहे, पण ओळखपत्रावर कर्नाटकातला पत्ता हवा. मुलीला शाळेत सोडणं, भाजी, कापड बाजार, हे सगळं त्यात बसतं. मिस्टरांचा पीएफ काढून घेऊ नका. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, तोच राहतो, खातं नव्या कंपनीत वळवून घ्या. अडीच लाखांत भर म्हणून पीएफ मोडायचा मोह होतो, पण मग पेन्शनच्या नोकरीच्या वर्षांची साखळी तुटते.

स्कूटर असेल आणि जुनी असेल तर इथेच विका. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी इथल्या आरटीओची एनओसी, तिथला रोड टॅक्स, आणि इथला परत मिळवण्याच्या खेपा. जुन्या स्कूटरला हे परवडत नाही.

तुमच्या शिलाईचं काम तिथे पुन्हा उभं राहील. ब्लाउज शिवणाऱ्या बाईला बंगळुरूत कामाची ददात नाही, फक्त गळ्याच्या आणि बाह्यांच्या तिथल्या पद्धती महिनाभर बघून घ्या. 'एष्टु' म्हणजे किती, 'बेकु' म्हणजे हवं, 'बेड' म्हणजे नको, एवढ्यावर सुरुवात होते. अक्का आणि अण्णा तर आपण घरातही म्हणतो. दारावर छोटी पाटी लावा, कन्नडमध्ये, शाळेतल्या एखाद्या बाईंकडून लिहून घ्या. मशीन नक्की न्या. पाय वेगळे करून, डोकं गोधडीत गुंडाळून, लहान खोक्यात. आणि चढवताना हमालांना सांगा की मशीनचं खोकं आणि पहिल्या रात्रीच्या भांड्यांचं खोकं तुमच्या सामानात सगळ्यात शेवटी चढवा, म्हणजे तिथे ते सगळ्यात आधी उतरेल.